नेट फास्ट, तरी गेम अडकतो: घरच्या वायफायवरचा लॅग धरायचा कसा

तक्रार बहुतेक एकाच साच्याची असते. "दादा, दोनशेचा प्लॅन हाय, स्पीड टेस्टला दोनशेच्या वर येतंय, यूट्यूब फोर-के सुद्धा पळतंय, आणि गेम उघडला की पिंग मारतंय." सकाळी नीट, दुपारी नीट. रात्री नऊ वाजले की गडी दारातनं बाहेर पडतो आणि रबरासारखा परत आत खेचला जातो, समोरच्यावर अख्खं मॅगझिन रिकामं होतं आणि मरतो आपणच. मग ऑपरेटरला फोन. त्यांचा पोरगा येतो, राउटर बंद-चालू करतो, मोबाईलवर स्पीड टेस्ट दाखवतो आणि जातो. दोन दिवस बरं चालतं, परत पहिले पाढे पंचावन्न. शेवटी घरात ठरतं, तीनशेचा प्लॅन घेऊन टाकू.

घेऊ नका. निदान लॅग कुठल्या टप्प्यावर तयार होतोय हे कळेपर्यंत तरी थांबा. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या फ्लॅटपासून शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांपर्यंत जिथं जिथं हे बघायला गेलोय, तिथं प्लॅनचा दोष क्वचितच निघाला. एकतर राउटर आणि फोन यांच्यामधली हवा, नाहीतर घरातनंच वर चाललेला अपलोड. बाहेरच्या लाईनचा दोष असतो, नाही असं नाही, पण पुरावा हातात असल्याशिवाय ऑपरेटर ते मान्य करत नाही.

स्पीड टेस्ट सांगते ते एवढंच, की सेकंदाला किती डेटा येऊ शकतो. खेळताना गेमला डेटा लागतो काही शे केबीपीएस (हजार केबीपीएस म्हणजे एक एमबीपीएस). जानेवारी २०२३ पासून सरकारी व्याख्येत किमान २ एमबीपीएस असलं की त्याला ब्रॉडबँड म्हणतात. तेवढ्यात सुद्धा मॅच होते, फक्त गेमचं अपडेट उतरवायचं असेल तर दिवस जाईल. गेमला हवी असतात ती डेटाची छोटी छोटी पॅकेट, न हरवता आणि वेळेवर. व्हॅलोरंट या गोळीबाराच्या गेमचा सर्व्हर, म्हणजे मॅच चालवणारा कंपनीचा कॉम्प्युटर, सेकंदाला १२८ वेळा हिशेब करतो, म्हणजे साधारण दर ८ मिलिसेकंदाला एकदा. त्यात तुमचं एखादं पॅकेट दीडशे मिलिसेकंद उशिरा पोचलं, की तोवर समोरचा कोपऱ्यातनं डोकावून परत आत गेलेला असतो.

म्हणून बघायच्या गोष्टी तीन. पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ. जिटर, म्हणजे तो वेळ किती नाचतोय. आणि पॅकेट लॉस, म्हणजे वाटेत किती हरवली. स्थिर ५० च्या पिंगवर माणूस व्यवस्थित खेळतो, हाताला सवय होते. १५ वरनं १८० आणि परत १५ असा खेळ चालला की कुणालाच जमत नाही, ॲव्हरेज कितीही चांगला दिसू दे.

कोल्हापुरात बसून किती पिंगची अपेक्षा धरावी, तेही सांगतो. फायबरमधनं प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई इथनं पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे नुसत्या अंतराचा जाऊन-येऊन खर्च ४ मिलिसेकंद. वाटेतली यंत्रं आणि वायरीचे वळसे धरून मुंबईतल्या सर्व्हरला १० ते २५ मिळालं तर लाईन चांगली समजा. सिंगापूरच्या सर्व्हरला मुंबईपासूनच ६० च्या पुढं जातं आणि युरोपला शंभराच्या वर, त्याला ऑपरेटर काही करू शकत नाही. तेव्हा आधी गेमच्या सेटिंगमध्ये सर्व्हर कुठला निवडलाय ते बघा. मित्रांच्या पार्टीत गेल्यावर कधी कधी लांबचा सर्व्हर लागतो आणि शिव्या राउटरला बसतात.

नेटचा दोष आहे का, हे आधी

गेममधला पिंगचा आकडा हिरवा आहे आणि तरी चित्र अडकतंय, तर ते नेट नाही. फोन तापला की प्रोसेसर स्वतःहून हळू होतो आणि फ्रेम पडतात. चार्जिंगला लावून, जाड कव्हर घालून, एप्रिलच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत खेळणाऱ्या पोराचा फोन तिसऱ्या मॅचला असा वागणारच. ग्राफिक्स एक पायरी खाली आणा, कव्हर काढा, मग बोला.

ब्लूटूथ इअरबड हा दुसरा चकवा. साध्या बडमध्ये आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो. गोळी दिसते आधी, ऐकू येते नंतर, आणि पोरगं म्हणतं लॅग आहे. बडला गेम मोड असेल तर चालू करा, नाहीतर वायरचा हेडफोन. पीसीवर आणखी एक गंमत: वायरलेस माऊसचा डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टात, शेजारी यूएसबी ३ ची हार्ड डिस्क. यूएसबी ३ च्या वायरीतनं २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट सुटतो, त्यामुळं माऊस झटके खातो. डोंगल पुढच्या बाजूच्या पोर्टात लावला की काम झालं. यात राउटरचा संबंध शून्य.

रस्त्याचे तीन तुकडे करून बघा

हे निघाल्यावर उरतं ते नेटचं. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, आयपीकॉन्फिग (ipconfig) टाका आणि डिफॉल्ट गेटवेसमोरचा पत्ता बघा. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. तोच तुमचा राउटर. आता दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडा. एकीत राउटरला सलग पिंग लावा (पिंग, मग पत्ता, मग डॅश टी), दुसरीत गूगलच्या ८.८.८.८ ला. लॅपटॉप खेळायच्याच जागेवर ठेवा आणि खेळायच्याच वेळेला लावा. सकाळी सात वाजता, घर झोपलेलं असताना घेतलेल्या मापाचा रात्री नऊच्या तक्रारीला काडीचा उपयोग नाही. फोनच असेल तर पिंग मोजणारी फुकट ॲप ढिगानं मिळतात. फक्त फोन रिकामा असताना वायफायची चिप डुलक्या काढते, त्यामुळं पहिले काही आकडे मोठे येतात, ते सोडून द्या.

निरोगी घरात राउटरचे आकडे १, २, २, ३ असे येत राहतात. बिघडलेल्या घरात काय दिसतं, त्याचा एक तुकडा देतो. राउटरच्या खिडकीत: २, ३, २, १६४, २१०, ३, मग "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" (म्हणजे पॅकेट परत आलंच नाही), मग परत २. त्याच क्षणी ८.८.८.८ च्या खिडकीत: १४, १५, १४, १७८, २२५, १५, टाइम्ड आउट, १४. दोन्ही खिडक्या एकदम उडी मारतात, आणि उडीही साधारण तेवढीच. म्हणजे पॅकेट घराबाहेर पडायच्या आधीच अडकतंय. इथं ऑपरेटरला फोन करून उपयोग नाही, भानगड तुमच्या भिंतींच्या आतली आहे.

राउटरचे आकडे शांत आणि फक्त ८.८.८.८ चे उडत असतील, तर दोन शक्यता: तुमच्याच अपलोडची रांग, नाहीतर पुढची लाईन. त्या दोन्ही वेगळ्या कशा करायच्या ते पुढं येईल.

खात्री करायची असेल तर लॅन केबल लावून हीच तपासणी परत करा. फोनवर खेळणाऱ्यांना माहीत नसतं, पण यूएसबी-सी ते लॅन असा छोटा ॲडॅप्टर बहुतेक अँड्रॉइड फोनना चालतो. केबलवर सगळं स्वच्छ आणि वायफायवर धिंगाणा, तर विषय हवेचा.

हवेचा विषय

जुन्या कोल्हापुरातली घरं वायफायला धार्जिणी नाहीत. शिवाजी पेठेतलं एक घर सांगतो, अशी शेकडो असतील. पुढं सोपा, मग माजघर, मागं परडं, वर माडी. भिंती दोन फुटांच्या, दगड आणि पांढऱ्या मातीच्या. फायबर येते रस्त्याकडनं, म्हणून राउटर सोप्यात, टीव्हीच्या मागं, लोखंडी कपाटाला चिकटून. पोरगं खेळतं माडीवर मागच्या खोलीत. वायफायची काडी एक, कधी दोन. त्याच्या आईनं सांगितलं, "तिथंच वायर येतीया बघ. आत न्यायची म्हटलं तर भिंत फोडायला लागतीया, आणि ह्यांचे वडील असेपर्यंत ते काय व्हायचं न्हाय." मुद्दा बिनतोड होता.

अशा घरात भारीतला राउटर आणून सोप्यातच ठेवला, तर पैसे पाण्यात. घरचं वायफाय सहसा दोन पट्ट्यांत चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीतनं त्यातल्या त्यात बरी जाते, ५ ची फारशी जात नाही. आणि मध्ये लोखंडी कपाट, पाण्याची टाकी किंवा मोठा आरसा आला की दोन्हींची कंबर मोडते. आधी फुकटचा उपाय करा: राउटर कपाटामागनं काढा, डोक्याच्या वर उंचीवर ठेवा, टीव्हीपासून हातभर लांब. मग खेळायच्या जागी सिग्नल मोजा. वायफाय ॲनालायझर प्रकारचं कुठलंही ॲप सिग्नलच्या ताकदीचा आकडा डीबीएममध्ये देतं, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे फक्कड. उणे ६७ पर्यंत गेमला चालतं. उणे ७५ च्या पलीकडं गेलं की पॅकेट परत परत पाठवावी लागतात, आणि ते परत पाठवणं म्हणजेच तुमच्या मधल्या उड्या.

वर सांगितलेल्या घरात भिंत न फोडता काम झालं. जुन्या केबल टीव्हीची वायर माडीवर गेलेली होती, त्याच भोकातनं कॅट ६ लॅन केबल वर नेली. शंभर मीटरपर्यंत लॅन केबलला काही होत नाही, घर ते कितीसं. वर घरात धूळ खात पडलेला जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे नुसतं वायफाय पसरवायला, लावला. त्याला ॲक्सेस पॉइंट मोड नसेल तर त्याचं डीएचसीपी (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटायचं काम) बंद करायचं, त्याचा पत्ता खालच्या राउटरपेक्षा वेगळा पण त्याच मालिकेतला द्यायचा (खालचा १९२.१६८.१.१ असेल तर वरचा १९२.१६८.१.२), आणि केबल वॅनच्या (बाहेरचं नेट जोडायच्या) पोर्टात न घालता लॅनच्या पोर्टात घालायची. शेवटची गोष्ट हमखास चुकते. वॅनमध्ये घातली की एका नेटवर्कच्या पोटात दुसरं नेटवर्क तयार होतं आणि गेम "नॅट टाइप स्ट्रिक्ट" म्हणून रुसतो, म्हणजे बाकीच्या खेळाडूंशी थेट जोडणी अडते.

भिंतीतल्या प्लगात खोचायचे रिपीटर लोक हौसेनं घेतात. मी गेमसाठी सांगत नाही. रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच परत बोलतो, त्यामुळं हवेतला वेळ दुप्पट खर्च होतो. व्हॉट्सॲपला चालतंय, गेमला नाही. मेश (दोन-तीन डब्यांचं मिळून एक वायफाय) घ्यायचाच असेल तर त्याच्या दोन डब्यांमध्ये लॅन केबल टाकता आली पाहिजे.

आता फ्लॅटवाल्यांकडं वळू. राजारामपुरीच्या गल्ल्या, रुईकर कॉलनी, ताराबाई पार्कातल्या सोसायट्या, इथं भिंती पातळ पण शेजार दाट. २.४ गिगाहर्ट्झवर स्कॅन लावलं की पंचवीस-तीस नावं येतात. भारतात या पट्ट्यात चॅनेल १ ते १३, पण एकमेकांत न घुसणारे तीनच: १, ६ आणि ११. कुणी ३ वर बसला की तो १ वाल्यालाही त्रास देतो आणि ६ वाल्यालाही. आणि वायफायचा नियम असा की एका चॅनेलवर एका वेळी एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. शेजारचा स्मार्ट टीव्ही तासभर मालिका ओढतो, तुमचं पॅकेट तोंड उघडायची वाट बघत बसतं. भरीला २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालणारा मायक्रोवेव्ह. पापड भाजायला टाकला की मिनिटभर राउटरच्या खिडकीत दोनशे-तीनशेचे आकडे. जेवायची वेळ आणि रँक मॅचची वेळ एकच असते, त्याला आपण काय करणार.

उपाय: गेमचा फोन किंवा पीसी ५ गिगाहर्ट्झवर न्या. बरेच राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि फोन आपल्या मर्जीनं २.४ वर जाऊन बसतो. राउटरच्या सेटिंगमध्ये स्मार्ट कनेक्ट किंवा बँड स्टिअरिंग बंद करा, ५ ला वेगळं नाव द्या, आणि फोनमधनं २.४ चं नाव विसरायला लावा. ५ वर चॅनेल हातानं निवडा: ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१. मधल्या ५२ ते १४४ मध्ये राउटरला रडारची चाहूल लागली तर त्याला ताबडतोब चॅनेल सोडावा लागतो. नव्या जागीही तसलाच चॅनेल मिळाला तर मिनिटभर नुसतं ऐकत बसावं लागतं, आणि तेवढ्यात मॅच हातची गेली. २.४ वर राहणं भागच असेल तर १, ६, ११ पैकी सगळ्यात मोकळा घ्या आणि चॅनेलची रुंदी ४० मेगाहर्ट्झवरनं २० वर आणा. स्पीड टेस्टचा आकडा पडेल, पिंग सुधारेल.

उड्या जर घड्याळ लावल्यासारख्या येत असतील, म्हणजे दर मिनिटाला किंवा ठरावीक अंतरानं एक, तर शेजाऱ्याला सोडा. तुमचाच फोन किंवा लॅपटॉप मागच्या मागं आजूबाजूची वायफाय शोधत असतो, आणि शोधताना चॅनेल सोडून जातो. अँड्रॉइडमध्ये लोकेशनच्या सेटिंगखाली वायफाय स्कॅनिंग असतं, ते बंद करा. विंडोजमध्ये लोकेशन सेवा बंद करून बघा, आणि पॉवर प्लॅनमध्ये वायरलेस ॲडॅप्टर मॅक्सिमम परफॉर्मन्सवर ठेवा. एवढ्याशा गोष्टीसाठी नवा राउटर घेतलेली माणसं मला माहीत आहेत.

रांगेचा विषय

आता दुसरी शक्यता: राउटरचे आकडे शांत, बाहेरचे उडतात. मला विचाराल तर सगळ्यात जास्त घरांना पिडणारी आणि सगळ्यात कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट हीच.

गळीत हंगामात कारखान्याच्या काट्यापुढं उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते तशी राउटरच्या आत पॅकेटची रांग लागते. तुमचं गेमचं पॅकेट म्हणजे त्या ट्रॉल्यांमध्ये अडकलेली मोटरसायकल. तिच्यावर ओझं काही नाही, पण बाजूनं जायला वाट नाही. ट्रॉल्या कुठल्या? आईच्या फोनमधले लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चाललेत. रात्री व्हॉट्सॲपचा बॅकअप. दारावरचा सीसीटीव्ही चोवीस तास चित्र वर पाठवतोय. ताईचं ऑफिसचं काम चालू आहे आणि तिनं एवढी मोठी फाईल चढवायला लावली. डाऊनलोडकडं सगळ्यांचं लक्ष असतं, खोळंबा होतो अपलोडला. स्वस्तातल्या राउटरला पॅकेट फेकून द्यायचं जिवावर येतं, तो रांग वाढवतच राहतो. याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस नावाच्या अभियंत्यानं २०१० मध्ये आपल्या घरच्या कनेक्शनवर फाईल चढवताना हे पकडलं. त्याचं पिंग सेकंदाच्या वर गेलं होतं, आणि त्यात लाईनचा काही दोष नव्हता.

तपासायला दोन मिनिटं लागतात. ८.८.८.८ ला पिंग चालू ठेवा आणि दुसऱ्या फोनवर स्पीड टेस्ट लावा. डाऊनलोड चालू असताना पिंग बघा, मग अपलोड चालू झाल्यावर बघा. १५ चं २५-३० झालं तर ठीक. १५ चं दोनशे-तीनशे झालं तर सापडलं. दोनशेचा तीनशेचा प्लॅन घेऊन ही रांग थोडी लवकर हलते एवढंच, आणि अपलोड तेवढाच राहिला तर तेही नाही.

साधा इलाज म्हणजे वेळ वाटून घेणं. फोटोंचा बॅकअप पहाटेवर टाका किंवा फोन फक्त चार्जिंगला असताना चालेल असं करा, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर घ्या आणि क्लाउडवर फक्त हालचाल झाली की पाठवा. घरच्यांना दमदाटी न करता सांगितलं तर ऐकतात. "काकी, नऊ ते अकरा तेवढं फोटो पाठवू नका" असं सांगितल्यावर एका घरी मला चहा मिळाला, दुसऱ्या घरी "अभ्यासाला बसवता येतंय का बघा त्याला" असं उत्तर.

पक्का इलाज राउटरमध्ये. क्यूओएस किंवा बँडविड्थ कंट्रोल नावाची, स्पीडला मर्यादा घालायची सोय असेल तर तिच्यात मोजलेल्या अपलोडच्या ८५ ते ९० टक्क्यांचा आकडा भरा. म्हणजे ५० मिळत असेल तर ४३-४४. रांग ऑपरेटरच्या डब्यात न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते, आणि तिथं ती तुमच्या हातात असते. डाऊनलोडलाही तसंच. राउटर एसक्यूएम, एफक्यू-कोडेल किंवा केक यापैकी काही देत असेल तर डोळे झाकून तेच लावा. हे प्रकार प्रत्येक कामाची वेगळी रांग करतात, लहान पॅकेटला आधी सोडतात आणि रांग लांबायला लागली की पॅकेट टाकून समोरच्याला हळू व्हायला सांगतात. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर बसवायचं फुकट सॉफ्टवेअर) चालणारा जुना राउटर असेल तर त्यात एसक्यूएम फुकट बसतं. फक्त छोट्या प्रोसेसरच्या राउटरला दोनशे-तीनशे एमबीपीएसवर हा हिशेब झेपत नाही, स्पीड पडतो. गेम महत्त्वाचा की स्पीड टेस्टचा फोटो, ते घरात ठरवा.

बाहेरची लाईन

सगळे अपलोड थांबवले, लॅन केबल लावली आणि तरी रात्रीच्या वेळी ८.८.८.८ चे आकडे उडतात, मग मात्र ऑपरेटरचा नंबर फिरवा. आधी फायबरचा डबा बघून घ्या. लॉसचा (एलओएस लिहिलेला) दिवा लाल असेल तर नेट बंदच असतं, तो प्रश्न वेगळा. पण दिवे सगळे हिरवे असूनही प्रकाश कमी पोचत असू शकतो. बऱ्याच डब्यांच्या सेटिंगमध्ये ऑप्टिकल पॉवर दिसते. उणे १५ ते उणे २५ डीबीएममध्ये असेल तर ठीक, उणे २७ च्या आसपास लोंबकळत असेल तर पॅकेट हरवणार. कारण बहुतेक वेळा घरातलंच: पिवळी किंवा पांढरी फायबर खिळ्याला गुंडाळून बांगडीएवढ्या वेढ्यात दाबलेली, नाहीतर दाराच्या चौकटीत चिमटलेली. काचेची तार आहे, तिला घडी चालत नाही. घराबाहेर म्हणाल तर जुलै-ऑगस्टमधल्या पावसात झाडांच्या फांद्या, आणि गणपतीत मोठी मूर्ती गल्लीतनं जाताना बांबूनं वर उचललेल्या वायरी. विसर्जनानंतरच्या आठवड्यात लॅगच्या तक्रारी वाढल्या तर आधी खांबाकडं बघा.

काही गल्ल्यांत अजून फायबर चौकातल्या पेटीपर्यंतच आहे आणि पुढं गच्च्यांवरनं लॅन केबल ओढलेली असते. तिच्या टोकाच्या प्लगात पाणी गेलं, तांब्याला हिरवा गंज चढला की पॅकेट लॉस सुरू. पावसाळ्यात लॅग आणि दिवाळीत आपोआप बरं, असं असेल तर हाच संशय धरा. प्लग कापून नवा बसवायला पाच मिनिटं लागतात.

पॉवर आणि प्लग दोन्ही ठीक असतील तर ट्रेसर्ट (tracert) कमांड चालवा, ती पॅकेट कुठल्या कुठल्या टप्प्यांवरनं जातं ते दाखवते, गेमच्या सर्व्हरचा पत्ता माहीत नसला तर ८.८.८.८ लाच. एकेक टप्पा ओळीनं येतो. मधल्याच एका ओळीत मोठा आकडा आणि पुढच्या ओळी परत शांत, तर ते सोडून द्या. तो राउटर पिंगला उत्तर द्यायला आळस करतो एवढंच. एका ओळीपासनं खाली सगळ्याच ओळी चढलेल्या असतील तर अडचण तिथं आहे. ती दुसरी किंवा तिसरी ओळ असली तर तुमच्या भागातल्या ऑपरेटरची लाईन रात्री भरते. घरातल्या राउटरनंतर १००.६४ ते १००.१२७ यात सुरू होणारा पत्ता दिसला तर घाबरू नका, तो सीजी-नॅटचा आहे, एका सार्वजनिक पत्त्यामागं अनेक घरं. त्यानं पार्टी चॅट किंवा होस्टिंग अडेल, पिंग सहसा वाढत नाही.

या सगळ्यात वीज विसरू नका. दिवा नुसता मिचकावला तरी राउटर परत चालू व्हायला एक-दोन मिनिटं घेतो, आणि तेवढ्यात मॅच गेली. १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस लावा, फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही. राउटर दिवसातनं आपोआप बंद-चालू होत असेल आणि वीज गेलेली नसेल, तर ॲडॅप्टर बदला. तीन-चार वर्षं जुना ॲडॅप्टर आकड्यात १२ व्होल्ट लिहून प्रत्यक्षात दमलेला असतो.

डीएनएस बदलून पिंग कमी होतं असं सांगणारे व्हिडिओ खूप आहेत. डीएनएस फक्त नावाचा पत्ता शोधून देतं, मॅच सुरू झाल्यावर त्याचं काम संपलेलं असतं. "पिंग बूस्टर" ॲप बहुतेक वेळा मागची ॲप बंद करतात, ते हातानंही होतं. पैशाचे गेमिंग व्हीपीएन (तुमचा डेटा वेगळ्या वाटेनं नेणाऱ्या सेवा) तेव्हाच कामाला येतात जेव्हा ट्रेसर्टमध्ये मुंबईचं पॅकेट परदेश फिरून येताना दिसतं. आठ अँटेनांचा लाल दिव्यांचा राउटर शोकेसमध्ये छान दिसतो. घ्यायचाच असेल तर अँटेना मोजू नका, त्यात एसक्यूएम आहे का आणि लॅन पोर्ट गिगाबिट आहेत का ते विचारा. स्वस्त राउटरचे पोर्ट अजूनही १०० एमबीपीएसचे येतात, दुकानदार आपणहून सांगत नाही.

ऑपरेटरला कळवताना "नेट स्लो आहे" म्हणू नका, त्यावर त्यांचं उत्तर तयार आहे: स्पीड टेस्ट. त्याऐवजी लॅन केबलवर घेतलेले दोन स्क्रीनशॉट पाठवा, एक सकाळचा आणि एक रात्री साडेनऊचा, दोन्हींत राउटरची आणि ८.८.८.८ ची खिडकी शेजारी शेजारी, तारीख-वेळ दिसेल अशी. सोबत ट्रेसर्टचा फोटो आणि ऑप्टिकल पॉवरचा आकडा. तोंडी न सांगता त्यांच्या तक्रारीच्या नंबरवर किंवा ॲपवर टाका, तक्रार क्रमांक मागून घ्या. राउटर बदलून देतो म्हणाले तर हरकत घेऊ नका, पण त्याच रात्री केबलवर परत पिंग लावून त्याच तक्रार क्रमांकावर नवा फोटो पाठवा.